सहा फूट दोन इंचांचा बोळ

धोंडीरामनं दोरीचं एक टोक घराच्या भिंतीला धरलं, दुसरं शिवबाईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आक्का, पल्याडच्या भिताडाला टेकवा. ढिली सोडू नका."

शिवबाईनं दोरी हद्दीच्या भिंतीला टेकवली. भिंत शहाबादी फरशीची, उभ्या लाद्यांची. बारा वर्षांपूर्वी दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा ती एका दिवसात उभी राहिली होती. वाटणीतली दुसरी कुठलीच गोष्ट एवढ्या झटपट झाली नव्हती. अलीकडे शिवबाईचं घर, पलीकडे धाकट्या दिराचं, गुरसिद्धप्पांचं. मधे हा बोळ. इतकी वर्षं त्यात एक मोडकी खाट, तेलाचे रिकामे डबे आणि कुणाचीच नसलेली मांजरं सुखानं राहत होती.

"सहा फूट दोन इंच," धोंडीराम म्हणाला. "आन् गाडी किती म्हनला?"

"चार फूट दहा. मी सकाळी मोजली."

"कशानं?"

"शिवणाच्या टेपनं."

धोंडीराम क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याहून आला, खडी फोडली, मग सुतारकाम धरलं, आणि इथलाच झाला. त्यानं बऱ्याच बायका पाहिल्या होत्या, पण फियाटची मापं पोलक्याच्या टेपनं घेणारी ही पहिलीच. "मग बसतीया की," तो म्हणाला.

शिवबाईला तेवढंच ऐकायचं होतं.

तिचा नवरा, संगप्पा, जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून त्यांची राखाडी फियाट घरासमोर रस्त्यावर उभी होती. उन्हानं टपाचा रंग उडाला, शेजारची पोरं धुळीत बोटानं नावं लिहीत, मागच्या महिन्यात एक वायपर गेला. थोरला मुलगा चन्नवीर भुसार दुकान बघायचा. त्यानं वैरागचा एक व्यापारी गाठला होता, रामहरी नावाचा. रविवारी येऊन तो गाडी घेऊन जाणार होता. सोमवारी जेवताना चन्नवीरनं हे सांगितलं तेव्हा शिवबाईनं विचारलं, "विकतोस कशाला?"

"ठेवायला जागा कुठं आहे, अव्वा?"

"झाली तर?"

"कुठं, त्या बोळात?" चन्नवीर हसला. "त्या बोळात गाडी आत गेली आणि बाहेर आली, तर नाही विकणार. जा."

हे तो भाकरी मोडता मोडता सहज बोलला. चन्नवीर शब्द देताना विचार करत नसे, पण दिलेला मोडतही नसे. हा गुण बापाचा. शिवबाईनं त्या गुणावरच सगळा डाव लावला होता. आज गुरुवार.

*

गुरसिद्धप्पांना ठोकाठोकी ऐकू आली तेव्हा ते पेपर वाचत होते. त्यांनी मोरीतलं स्टूल आणलं, भिंतीला लावलं आणि वर चढले. भिंतीवरून फक्त डोकं दिसलं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि खाली चढलेल्या भुवया.

"वैनी, काय चाललंय?"

"छप्पर, भावजी. गाडीला."

"कुणाला विचारून?"

"जागा माझी. मग मलाच विचारलं. मी हो म्हणाले."

धोंडीरामनं मान खाली घालून खिळे निवडायला घेतले. निवडायसारखं त्यांत काही नव्हतं.

गुरसिद्धप्पांना खरं तर छपराचा राग नव्हता. थोरले भाऊ, अण्णा, होते तेव्हा खिडकीची काच बदलायची तरी भिंतीवरून हाक यायची, गुरसिद्धा, बघ रे. वाटणीनंतरसुद्धा. ती हाक दीड वर्षात एकदाही आली नव्हती. पण हे भिंतीवरून कसं बोलायचं? म्हणून ते म्हणाले, "नीट ऐका. भिंतीवर काही टेकवायचं नाही. पत्र्याचं टोक माझ्या हद्दीत यायला नको. आणि पागोळी माझ्या अंगणात पडली तर मी कोर्टात जाईन."

"चैत्र आहे, भावजी. आभाळात ढगाचं पिल्लू नाही."

"येईल की कधीतरी."

"आला तर तुमच्या तोंडात साखर."

पलीकडून अक्कम्माचा आवाज आला. शिवबाईची जाऊ कधी भिंतीवर चढली नाही. तिला चढायची गरजच पडत नसे, सगळं खालूनच ऐकू यायचं. "अहो, उतरा खाली. त्या स्टुलाचा एक पाय हलतोय."

"हलू दे. मी कायद्याचं बोलतोय."

"कायदा खाली उभं राहून पण बोलता येतो."

संध्याकाळी चन्नवीर दुकानातून आला तो थेट काकाकडे गेला आणि परत येऊन आईपुढं उभा राहिला. "काका म्हणतात ते बरोबर आहे. उगाच भांडण नको."

शिवबाई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. "बारा वर्षांत तू काकाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस. लग्नाची अक्षतासुद्धा गड्याच्या हातनं पाठवलीस. आज छप्पर पाडायचं म्हटल्यावर काका बरोबर वाटायला लागले?"

"तसं नाही, अव्वा."

"मग कसं?"

तो हात धुवायला गेला. शिवबाईनं एक शेंग फोडली, ती पोकळ निघाली.

*

चन्नवीरची बायको सावित्रम्मा चुलीपुढं बसून हे ऐकत होती. अक्कलकोटची मुलगी, या घरात येऊन दहा वर्षं झालेली. माहेरी कन्नड, सासरी निम्मं निम्मं. ती कमी बोलायची. घरात सगळे समजत, सुनेला मराठीचं अवघड जातं. अवघड काही जात नव्हतं. तोंडाशी येऊन थांबलेल्या गोष्टी होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठी बाहेर रस्त्यावर राखाडी रंगाची उभी होती.

शेवटची दोन वर्षं संगप्पांना दिसत नव्हतं. माणूस ओळखू यायचा तो आवाजावरून, आणि समोरचं गाढव हाताच्या अंतरावर आल्याशिवाय कळायचं नाही. पण मुलाला सांगायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं नाही. एकदा सुनेला माहेरी सोडायला निघाले, मागच्या सीटवर शिवबाई. कुंभारीच्या पुढं त्यांनी गाडी एका लिंबाखाली उभी केली आणि म्हणाले, "सावित्री, रस्ता दोन दिसायला लागलाय. इकडं ये, बस."

"मला येत नाही, मावा."

"मला येतं. मी सांगतो, तू बघ. तुझे डोळे, माझी अक्कल."

ती तशी शिकली. आधी लिंबाखालून वळसंगपर्यंत, मग अक्कलकोटपर्यंत, पुढं तर दर महिन्याला. त्यांनीच गुपचूप लायसन काढवलं. शहर जवळ आलं की जागा बदलायची. नाक्यापासून घरापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता. तेवढ्या अंतरात शिवबाई मागं बसून डोळे मिटायची आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरायची.

आणि रस्त्याचा तो पट्टा. एका घरी ती सून, दुसऱ्या घरी माहेरवाशीण, पण मधल्या वीसेक मैलांत तिला कुणी हाक मारून पाणी मागत नसे. रस्ता, दोन्ही बाजूंची ज्वारी, आणि शेजारी बसलेला, न दिसणारा, खूश असलेला म्हातारा. गाडी वैरागला गेली की तो पट्टाही जाणार होता.

"कुणाला सांगू नका," मरायच्या आधी संगप्पा दोघींना म्हणाले होते. "चन्नवीरला वाटेल बाप आंधळा झाला."

झालाच होता. पण दोघींनी मान हलवली होती.

*

शुक्रवारी छप्पर उभं राहिलं. हद्दीच्या भिंतीवर काही टेकवायचं नाही म्हणून धोंडीरामनं भिंतीला लागून आपल्या बाजूनं तीन खांब पुरले, त्यांवर आडवी तुळई, आणि गोदामावरून उतरवलेले जुने पत्रे. गुरसिद्धप्पा पेपर घेऊन स्टुलावर चढत उतरत राहिले. त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना.

शनिवारी सकाळी चन्नवीरनं गाडी सुरू केली. सावकाश बोळात घातली. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला खांब, गाडी आत सरकत गेली आणि सुरळीत उभी राहिली. शिवबाईचा चेहरा फुलला. मग चन्नवीरनं दार उघडलं.

दार चार बोटं उघडलं आणि घराच्या भिंतीला लागलं. त्यानं दुसरं दार पाहिलं. ते खांबाला लागलं. त्यानं परत पहिलं दार पाहिलं, जणू मधल्या वेळात भिंत मागं सरकली असेल.

"अव्वा," तो आतून म्हणाला, "मी उतरू कसा?"

धोंडीराम पुढं झाला, आत डोकावला, गाडीकडे बघितलं, चन्नवीरच्या पोटाकडे बघितलं आणि पागोटं काढून डोकं खाजवलं. "चुकलं की, आक्का. गाडी मोजली, मानूस न्हाय मोजला."

भिंतीवरून गुरसिद्धप्पा हसले. इतके हसले की स्टूल हललं आणि त्यांना खाली उडी मारावी लागली. हसू तरी थांबेना. चन्नवीर लाल होऊन गाडी मागं घ्यायला लागला आणि शेवटच्या खांबाला मडगार्ड घासलं.

रस्त्यावर उतरल्यावर तो म्हणाला, "संपलं. आता उद्या रामहरीशेठ येतील."

"गेली की आत," शिवबाई म्हणाली. "आली की बाहेर."

"माणसाला उतरता नको यायला?"

"ते तू सोमवारी बोलला नव्हतास."

"अव्वा, आता अति होतंय."

"बरं. उतरता यायला हवं ना? उद्याचा दिवस अजून उगवलेला नाही." ती धोंडीरामकडे वळली. "खांब काढ."

"खांब काढलं तर पत्रा टिकंल कशावर?"

"ते तुला यायला हवं. मला येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

धोंडीराम बोळात उकिडवा बसून विडी ओढत राहिला. विडी संपली तेव्हा तो घराच्या दगडी भिंतीला हातानं चाचपत होता. "आमच्याकडं मेंढरांच्या वाड्याला खांब नसत्यात," तो म्हणाला. "मेंढरं घासून खांब पाडत्यात. मग भिताडातच भोकं घ्यायची, तिरकं टेकू लावायचं, बगलंत हात घातल्यागत. सगळा भार घरच पेलतंय. पन एक हाय आक्का. टेकू लावलं तर हद्दीकडचं टोक वर जानार, आन् उतार घराकडं येनार. समदं पानी तुमच्याच भिताडावर."

"येऊ दे. पन्हाळ लाव, टाकीत सोड."

दुपारपर्यंत भोकं झाली, बाभळीचे टेकू बसले. गुरसिद्धप्पा पुन्हा वर आले होते.

"पत्रा उलटा बसवताय, वैनी."

"हो."

"पाणी तुमच्याच घरावर येईल."

"माझं पाणी माझ्याच घरी येईल. तुम्हाला कोर्टात जायचं कष्ट नको, म्हणून एक थेंबसुद्धा तुमच्याकडं येऊ देणार नाही."

ही बाजू गुरसिद्धप्पांच्या लक्षात आली नव्हती. खालून अक्कम्मा हळूच म्हणाली, "थोडं आलं असतं तर माझ्या मोगऱ्याला झालं असतं. जा अजून कोर्टात."

*

दुपारी पत्र्याच्या सावलीत दोघी सासूसुना उभ्या राहिल्या. बोळ आता मोकळा वाटत होता.

"अत्ती," सावित्रम्मा म्हणाली, "यांना जमणार नाही. मधोमध घातली तर दोन्हीकडं आठ आठ इंच. आठ इंचांतून कुणी उतरत नाही. डावीकडं भिंतीला चिकटून घालायला हवी, म्हणजे उजवीकडं दार उघडेल. डावं तर यांना दिसतच नाही, आरसाही नाही त्या बाजूला."

"तुला जमेल?"

सावित्रम्मानं डाव्या भिंतीकडं बघितलं.

"जमेल का विचारतेय."

"मावा डावीकडंच बसायचे. त्यांना काय दिसायचं? डावीकडचं मला एकटीलाच बघावं लागायचं." मग ती म्हणाली, "बेडा, अत्ती. नको. त्यांना शब्द दिलाय."

"मी पण दिलाय."

"मग?"

"गाडी वैरागला गेली तरी शब्द राहील." शिवबाईनं टेकूवरून हात फिरवला. "तुझ्या मावाची लाज मी चाळीस वर्षं राखली, सावित्री. बिडी ओढायचे ती, पत्त्यात हरायचे ती. ही पण राखली असती. पण त्यापायी तू मान खाली घालून चूल फुंकत राहावंस, असं काही ते म्हणाले नव्हते. त्यांना सुचलं नसेल एवढंच. पुरुषांना सगळं सुचत नाही."

"मी नाही सांगणार."

"बरं," शिवबाई म्हणाली. पण आपण काय करणार, हे तिनं सांगितलं नाही.

*

रविवारी रामहरी दहाच्या एसटीनं आला. धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा. चहा झाला. पैज त्याच्या कानावर गेली तेव्हा तो आरामात खाटेवर बसला. "हुंद्या की मग. बघू आमीबी."

चन्नवीरनं शब्द दिला होता, म्हणून प्रामाणिकपणे प्रयत्न करायला बसला. पहिल्यांदा डावीकडं जास्त गेला आणि बंपर काकाच्या लादीला लागला.

"अरे, भिंत," गुरसिद्धप्पा वरून म्हणाले.

दुसऱ्यांदा मधोमध गेला. आत पोचला, दार उघडलं. एक वीतही उघडलं नाही. त्यानं पोट आत घेतलं, खांदा बाहेर काढला, तिथंच अडकला, परत आत गेला. रामहरीनं तोंडाला उपरणं लावलं. चन्नवीर गाडी मागं घेऊन रस्त्यावर उतरला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

"झालं, अव्वा. दोनदा केलं. चला रामहरीशेठ, कागद करू."

सावित्रम्मा दारातून बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"किल्ली."

चन्नवीरला आधी कळलंच नाही. "कशाची?"

"गाडीची."

"तुला काय करायचीय?" त्यानं आईकडं बघितलं, मग परक्या पाहुण्याकडं, आणि आवाज खाली आणला. "आत जा. चारचौघांत काय हे?"

ती हलली नाही. हात तसाच राहिला, तळव्यावर ज्वारीचं पीठ. ती बोलणार नव्हती, हे शिवबाईला माहीत होतं. शिवबाई पायरीवरून उतरली.

"चन्नवीर, तुझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षं दिसत नव्हतं."

"काय?"

"दिसत नव्हतं. गाडी तरी दर महिन्याला अक्कलकोटला जात होती. मग कोण चालवत होतं, विचार स्वतःला. मी नव्हते, मी मागं बसून देवाचं नाव घेत होते."

भिंतीवरचं डोकं हललं नाही. गुरसिद्धप्पांना आठवत होतं, अण्णांनी हाक मारताना त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बाजूच्या भिंतीकडं बघितलं होतं, कितीतरी वेळा. ते त्याला ताठा समजले होते.

चन्नवीरला आठवलं, दुकानात बाप पावत्या वाचायला त्याच्याकडं द्यायचे. एकदा तो चिडून म्हणाला होता, आप्पा, तुम्ही अगदीच अंग काढून घेताय. बाप हसले होते. वय झालं रे, म्हणाले होते. खिशातून किल्ली काढताना त्याचं लक्ष हाताकडं नव्हतं. ती किल्ली तिच्या पिठाच्या हातात पडली.

सावित्रम्मा बसली. चोक ओढला, गाडी सुरू केली, रस्ताभर मागं घेतली आणि एकदाच वळवली. डाव्या बाजूला तिनं बघितलंच नाही. मान सरळ, जबडा घट्ट, तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत. गाडी भिंतीच्या कडेनं आत गेली, जणू भिंतीशी काहीतरी खासगी बोलायचं होतं, आणि पत्र्याच्या सावलीत थांबली.

गुरसिद्धप्पांनी वरून वाकून, हात खाली सोडून, भिंत आणि गाडी यांच्यात बोटं घातली. बाकी कुणाला ती फट दिसतच नव्हती.

"दोन बोटं," ते म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भिंतीला लागलेली नाही. दोन बोटं सोडलीत. मी बघितलंय."

उजवं दार उघडलं. आधी एक पाय, मग पदर, मग सावित्रम्मा सरळ उभी. बोळाच्या तोंडाशी उभ्या धोंडीरामनं पागोटं सारखं केलं.

"आता भाईर," रामहरी खाटेवरून म्हणाला. गाडी हातची चालली होती, पण पैज बघायची त्याला फार गोडी लागली होती. ती परत बसली, गाडी बाहेर आली. परत आत गेली. परत दोन बोटं.

रामहरी उठला, धोतर झटकलं. "शेठ, मला दुसरी बघू द्या. ही हितंच ऱ्हावी."

"जेवून जा," शिवबाई म्हणाली.

"जेवल्याबिगर जातोय व्हय."

सगळे आत गेले तरी चन्नवीर बोळाच्या तोंडाशी उभा होता. शिवबाई त्याच्याजवळ थांबली.

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

तो नाही म्हणाला नाही. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. सावित्रम्मा चार हातांवर, गाडीच्या मागच्या काचेवरची धूळ पदरानं पुसत होती. चन्नवीर आईकडं बघून बोलला.

"उद्या मार्केट यार्डात जायचंय. माल बघायला. गाडी मला यातून निघायची नाही. तिला सांग, सात वाजता."

सावित्रम्माही शिवबाईकडंच बघून म्हणाली, "सांगा त्यांना, साडेसात. आधी भाकरी होतील."

"साडेसातला उशीर होतो म्हणावं."

"मग भाकरी कोण थापणार, विचारा."

शिवबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मी कुणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "एकाच गाडीत बसणार आहात. तिथं बोला." आणि पाहुण्याला वाढायला आत निघून गेली.